लाखेचं सील

२०२५च्या जुलैत आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस आग पेटली होती. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. सात स्फोट, १८९ मृत्यू, आठशेच्या वर जखमी. २०१५मध्ये विशेष न्यायालयाने यांतल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. आमचा एक वर्गमित्र त्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्याच एका लोकलमध्ये अडकून पडला होता. त्याने एवढंच लिहिलं, "मग मारलं कोणी?" त्याखाली शंभरेक मेसेज आले. न्यायाधीश, सरकार, वकील, धर्म, कुणालाच सोडलं नाही. जप्त केलेल्या मुद्देमालाबद्दल मात्र एकही मेसेज नव्हता.

निकालाच्या कारणांत तर तो होता. ओळख परेड आणि कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत हे न्यायालयाने सांगितलंच, पण जप्त केलेली स्फोटकं आणि इतर वस्तू नीट सीलबंद ठेवल्या गेल्या नव्हत्या, बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते हेसुद्धा सरकार पक्षाने सिद्ध केलं नाही, हेही सांगितलं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही असा आदेश दिला. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवलं नाही. ग्रुपवर पुन्हा जल्लोष आणि पुन्हा शिव्या. सीलचा विषय तेव्हाही निघाला नाही.

त्याच्या दोनच महिने आधी, माझ्या घरापासून नदीपलीकडे, दुसरा एक निकाल लागला होता. मी लिव्हरपूलला राहते. मर्सी ओलांडली की बर्कनहेड. तिथे ऑगस्ट १९८६मध्ये एक एकवीस वर्षांची मुलगी रात्री कामावरून परतत होती. वाटेत तिच्या व्हॅनमधलं इंधन संपलं आणि ती चालत निघाली. दुसऱ्या दिवशी एका गल्लीत तिचा मृतदेह सापडला. या खुनासाठी पीटर सुलिवन नावाच्या माणसाला १९८७मध्ये जन्मठेप झाली. त्याने कबुली दिली होती आणि नंतर ती मागे घेतली होती. शिवाय मुलीच्या अंगावरचे चाव्याचे व्रण त्याच्याच दातांचे आहेत, असं तज्ज्ञांनी कोर्टात सांगितलं होतं. १३ मे २०२५ला अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. मुलीच्या शरीरावरून तेव्हाच घेतलेल्या वीर्याच्या नमुन्यातला डीएनए त्याचा नव्हता. तोवर तो माणूस ३८ वर्षांहून जास्त काळ आत होता.

इथलं सगळं आलबेल आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. संशयास्पद शिक्षा तपासणाऱ्या इथल्या आयोगाकडे सुलिवन २००८मध्येच गेला होता. नमुन्यातून काही हाती लागण्याची शक्यता नाही, असं तज्ज्ञांचं मत पडलं आणि आयोगाने त्याला परत पाठवलं. नंतरची सतरा वर्षं त्यात गेली. हा अन्यायच आहे आणि इथले लोकही त्यावर चिडलेले आहेत.

पण तो नमुना शाबूत होता. १९८६च्या त्या ऑगस्टमध्ये डीएनएवरून गुन्हेगार ओळखण्याची सोय अजून पोलिसांच्या हाती आली नव्हती. तरी कुणीतरी तो घेतला, त्यावर चिठ्ठी लावली आणि जपून ठेवला. त्या कुणातरीबद्दल मला फार आदर वाटतो. साक्षीदार मरतात, तज्ज्ञांची मतं फिरतात. बरणीतलं सत्य तेवढं थांबून राहतं, पण त्यासाठी बरणी बंद लागते.

मी इस्पितळाच्या रक्तपेढीत काम करते, म्हणून कदाचित हे मला जास्त टोचतं. आमच्याकडे नळीवर रुग्णाचं नाव, जन्मतारीख, क्रमांक आणि रक्त घेणाऱ्याची सही नसेल तर ती नळी आम्ही वापरत नाही. डॉक्टर फोनवर कितीही शपथा घेवोत, "माझ्यासमोरच घेतलंय" म्हणोत, नमुना पुन्हा घ्यावा लागतो. नळी कुणाची याचीच खात्री नसेल तर आतलं रक्त कितीही चांगलं तपासलं तरी व्यर्थ. मग ज्या पुराव्यावर माणूस फासावर जाऊ शकतो, त्याला यापेक्षा ढिला नियम का असावा?

उत्तर मला घरातूनच ठाऊक आहे. माझे बाबा प्राथमिक शिक्षक. सरकारी नोकर म्हणून त्यांना पंच म्हणून बोलावलं जायचं. मी सातवीत असताना गावात एका शेतकऱ्याचा खून झाला. बाबांना पोलीस ठाण्यात बोलावलं तेव्हा कोयता आधीच टेबलावर होता आणि पंचनामा लिहून तयार होता. आरोपीने उसाच्या फडातून पंचांसमोर कोयता काढून दिला, असं त्यात होतं. बाबांनी चहा घेतला, सही केली आणि शाळेत परत आले. तीन वर्षांनी साक्ष निघाली. उलटतपासणीत वकिलाने विचारलं, "फडात कोणत्या बाजूने शिरलात?" बाबा म्हणाले, "मी फडात गेलोच नव्हतो." सरकारी वकिलांनी त्यांना फितूर जाहीर केलं. आरोपी सुटला आणि मास्तरांनी पैसे खाल्ले, असं गाव वर्षभर बोलत राहिलं. बाबांची चूक कोर्टातली नव्हती, चहाच्या टेबलावरची होती. हे ते स्वतःच सांगतात.

असं घडलं की लोक म्हणतात, पोलिसांवर कामाचा बोजा असतो, आणि ते खरंही आहे. पण त्याचे चटके कुणाला बसतात ते पाहा. नाशिकजवळ २००३मध्ये एका कुटुंबातल्या लोकांची हत्या झाली. त्या भीषण गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच फाशी ठोठावली. त्याच न्यायालयाने २०१९मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शीने पोलिसांकडच्या फोटोंतून दुसरेच चार जण ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. सहा जण सोळा वर्षं आत. त्या कुटुंबाचे मारेकरी कुठे होते?

म्हणून "फाशी द्या, लवकर द्या" असं ग्रुपवर आलं की आता मी विचारते, पंचनामा कुठे झाला? भारतात १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, म्हणजे फौजदारी तपास आणि खटल्यांच्या नव्या कायद्यानुसार, झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. तज्ज्ञांच्या बाबतीत राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. माझ्या मते आजवरच्या कुठल्याही कडक शिक्षेपेक्षा ही कलमं मोठी आहेत. आमच्या जिल्ह्यात असा तज्ज्ञ रात्री दोन वाजता किती वेळात पोचतो, मुद्देमालाच्या खोलीत फ्रिज आहे का आणि वीज गेली तर काय होतं, हे निवडणुकीत उमेदवाराला विचारायला हवं. ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा दोघांनी अंगठा दाखवला आणि एकाने लिहिलं, "तुला तिथे बसून बोलायला काय जातंय?" त्याचा राग मला समजतो. पण "मग मारलं कोणी?" या प्रश्नाचं उत्तर मिळायची एकच वाट मला दिसते, आणि ती त्या खोलीतूनच जाते.

बर्कनहेडच्या खुनाचा तपास पोलिसांनी २०२३मध्ये पुन्हा उघडला. अडीचशेहून अधिक पुरुषांचे नमुने त्या डीएनएशी ताडून पाहिले, २०२५मध्ये निकाल लागला तोवर कुणी सापडलं नव्हतं. पण उद्या सापडू शकतो.

आमच्या गावात ते होणार नाही. कोयत्यावर रक्त कुणाचं होतं, तो आला कुठून, हे कायमचं संपलं. त्या शेतकऱ्याची बायको आपल्या मुलाला न्यायला शाळेत यायची. बाबा व्हरांड्यात दिसले की ती फाटकाबाहेरच थांबायची आणि मुलाला हाक मारून बोलावून घ्यायची. मुलगा चौथी पास होईपर्यंत ती आत आली नाही.