नोड वाढवल्याने भिंत पातळ होत नाही

मावशीच्या घरात पाच मेश नोड, म्हणजे मुख्य राउटरचं वाय-फाय पुढे पोचवणारे छोटे डबे, लागलेत, तरी आतल्या खोलीत व्हिडिओ कॉल तुटतो. पाच कशाला, असं विचारलं तर तिने एक फॉरवर्ड दाखवला. जाड भिंतींच्या घरासाठी उपाय: प्रत्येक खोलीत नोड लावा, जिथे रेंज नाही नेमका तिथेच लावा; वाय-फायच्या दोन बँडपैकी २.४ गिगाहर्ट्झ बंद करून फक्त ५ ठेवा, राउटरची पॉवर ‘हाय’वर टाका, राउटरमागे अॅल्युमिनियम फॉइल लावा, आणि मेश घेतलं की वायर नकोच. हा मेसेज माझ्याकडेही आला होता, तेव्हा मी गप्प बसलो. तिथेच चुकलं.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो पहिला सल्ला. नोड स्वतः नेट तयार करत नाही. मुख्य राउटरकडून त्याला जे मिळतं तेच तो पुढे देतो. त्याच्यापर्यंतच सिग्नल धड पोचत नसेल तर तो देणार काय? फोनवर मात्र रेंज फुल दिसते, कारण फोन शेजारच्या नोडशी बोलतोय. त्या नोडचं मागे राउटरशी बोलणं रखडलंय, हे फोनवर कुठेच दिसत नाही. मग माणूस नेट कंपनीला फोन लावत बसतो. मावशीने तेच केलं, आणि दोष लाइनचा नव्हताच.

नोड ठेवायचा तो रेंज संपते त्याच्या अलीकडे, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे. शक्यतो दाराच्या किंवा पॅसेजच्या रेषेत, म्हणजे लहरींना भिंत फोडावी लागणार नाही. आणि संख्या वाढवून फायदा होईलच असं नाही. मागे राउटरशी बोलायला वेगळा रेडिओ नसलेला नोड एकाच चॅनलवर आधी ऐकतो, मग तेच पुन्हा बोलतो. त्यामुळे दर टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. त्यात कोणत्या नोडला धरायचं हे शेवटी फोनच ठरवतो. पाचही नोड बरे ऐकू येत असले तर तो लांबच्यालाच चिकटून राहू शकतो.

२.४ बंद करा, हे तर उलटंच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची पी.२०४० ही शिफारस बांधकामाच्या साहित्यातून रेडिओ लहरी जाताना काय होतं त्याची सूत्रं देते. काँक्रीटचे आकडे घालून गणित मांडलं, की त्याच भिंतीत ५ गिगाहर्ट्झची डेसिबलमधली (सिग्नलची ताकद मोजायच्या मापातली) घट २.४ च्या जवळपास दुप्पट निघते. डेसिबलमध्ये दुप्पट म्हणजे काय? जी काँक्रीटची भिंत २.४ चा दहावा हिस्सा पलीकडे सोडते, ती ५ चा जेमतेम शंभरावा सोडते. तशा दोन भिंती आल्या की शंभरावा आणि दहाहजारावा. साध्या विटेच्या भिंतीत हा फरक बराच कमी असतो, हे मान्य. पण मेसेज जाड भिंतींसाठी आहे ना? शिवाय वाय-फायवरचे कितीतरी प्लग, बल्ब आणि कॅमेरे फक्त २.४ वरच चालतात. तेही बंद पडतील.

पॉवर वाढवल्याने राउटरचा आवाज वाढतो, फोनचा नाही. बोलणं दोन्हीकडून लागतं.

फॉइलबद्दल नाइलाजाने अर्धं मान्य करतो. धातू लहरी परतवतो, आणि २०१७ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी धातूचा मुलामा दिलेल्या परावर्तकांनी घरातला सिग्नल हव्या दिशेला वळवूनही दाखवला. पण त्यांनी त्या जागेचं गणित करून आकार ठरवला होता. अंदाजाने चिकटवलेली फॉइल हवी ती खोलीही झाकू शकते.

आणि वायर. जाड भिंतीवरचा सगळ्यात खात्रीचा उपाय मेसेजने नको म्हणून सांगितला आहे! साधी कॅट ५ई लॅन केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग नेते, आणि मध्ये किती भिंती आहेत याच्याशी तिला देणंघेणं नसतं. केबल दाराच्या चौकटीच्या कडेने जाते, फोडाफोड लागत नाही. नोडला लॅन पोर्ट आहे का, एवढं आधी बघा.

मावशीकडे काल तीन नोड काढले. एक पॅसेजमध्ये आणला, आतल्या खोलीतल्याला केबल जोडली. रात्री तिचा कॉल एकदाही तुटला नाही. काढलेले तीन परत घेतात का, ते दुकानात विचारायचं आहे.