खुलासा : स्केलेटनचा सराव बर्फ वितळल्यावर थांबत नाही

स्केलेटन म्हणजे बर्फाच्या उतरत्या ट्रॅकवरून स्लेडवर, म्हणजे छोट्या घसरगाडीवर, घसरत जाण्याची शर्यत. ‘स्केलेटन हा बर्फाळ देशांत जन्मलेल्यांचाच खेळ, लहानपणीच शिकावा लागतो आणि उन्हाळ्यात सराव बंद’ असा मजकूर शिवा केशवन यांच्या फोटोसह फिरतो आहे. फोटोपासूनच घोळ आहे. केशवन हे ल्यूज या वेगळ्या स्लेड-खेळाचे माजी भारतीय खेळाडू. त्यात उताणं झोपून पाय पुढे ठेवतात. स्केलेटनमध्ये पालथं, डोकं पुढे, ताशी १२० किलोमीटरहून अधिक वेगाने, आणि स्लेडला ब्रेक नाही!

ब्रिटनमध्ये पूर्ण लांबीचा बर्फाचा ट्रॅक एकही नाही. तरी एमी विल्यम्सने २०१० मध्ये, लिझी यार्नोल्डने २०१४ आणि २०१८ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. यार्नोल्ड आधी हेप्टॅथलॉन (सात मैदानी प्रकारांची स्पर्धा) खेळायची; विशीच्या सुमारास प्रतिभाशोध मोहिमेतून इकडे आली. घानासाठी स्केलेटन खेळलेला अक्वासी फ्रिमपाँगही मूळचा धावपटू.

ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात रुळांवरून चाकांची स्लेड ढकलण्याचा ट्रॅक आहे. वाकून, एका हाताने स्लेड ढकलत पळायचं आणि वेग न मोडता तिच्यावर झेपावायचं, हे तिथे घोटून घेतात. सुरुवातीला गमावलेला दशांश सेकंद खाली पोहोचेपर्यंत वाढतच जातो. म्हणून उन्हाळाभर स्प्रिंट, उड्या, वजनं.

खांदे-गुडघ्यांच्या दाबाने वळवणं मात्र बर्फावरच कळतं, तिथे पर्याय नाही. हौशी नवख्यांना पहिल्याच दिवशी अगदी वरून सोडतात, हीही भीती नको. ते ट्रॅकच्या खालच्या टप्प्यावरून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सुरुवात करतात.