टॉयलेट सीटखालच्या कोळ्याचा मेसेज खोटा आहे, आणि त्यातला ब्लेडचा सल्ला लय घातक आहे

गेल्या आठवड्यापासून सोलापुरातल्या निम्म्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. टॉयलेट सीटखाली लाल पट्ट्यांचा विषारी कोळी बसतो, तीन बायका हॉटेलातलं टॉयलेट वापरून आल्या आणि पाच दिवसांत वारल्या, घरात मोठा कोळी दिसला की मारा, अंगावर फोड आले तर कोळीच समजा, चावला तर ब्लेडनं चीर देऊन रक्त काढा. परवा रात्री साडेदहाला शेजारच्या काकूंनी हाक मारली, हातात फिनेलची बाटली, नातू पलंगावर उभा राहून रडतोय, आणि काकू म्हणतात, "तोच आहे की रे, मेसेजमधला!" तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

आधी ती टॉयलेटची गोष्ट. ही १९९९ साली अमेरिकेत ईमेलवर सुरू झाली. तेव्हा कोळ्याचं नाव दिलं होतं 'अ‍ॅरॅक्निअस ग्लुटिअस', म्हणजे चक्क ढुंगणावरून पाडलेलं नाव, असा कोळीच जगात नाही. गोष्टीतलं हॉटेल विमानतळावरचं, आणि ज्या सरकारी विमान वाहतूक बोर्डानं तिथं तपासणी केली म्हणून लिहिलं होतं ते बोर्ड १९८५ च्या सुरुवातीलाच बंद झालं होतं. पुढं २००२ ला तीच गोष्ट एका खऱ्या कोळ्याच्या नावावर खपवली, टेलामोनिया डिमिडिआटा. हा आशियातल्या जंगलात झाडाझुडपांवर राहणारा, जेमतेम सेंटिमीटरभराचा उड्या मारणारा कोळी, मादीच्या पाठीवर दोन लाल पट्टे असतात, पण त्याच्या विषानं माणसाला काही होत नाही.

आता काकूंच्या बाथरूममधला. मी टॉर्च मारून जवळून बघितला. तळहाताएवढा पसारा, तपकिरी, एकदम चपटा, डोळ्यांच्या खाली मिशीसारखी फिकट पट्टी, आणि पोटाखाली पांढरी गोल टिकली धरलेली. ती टिकली म्हणजे विषाची पिशवी असं मेसेजमध्ये आहे. ती अंड्यांची पिशवी आहे ओ! ही मादी ती पोटाशी धरून फिरते, सोडत नाही. याला हंट्समन म्हणतात, जाळं विणत नाही, रात्री झुरळं पकडून खातो. हातात दाबला तर चावेल, थोडं दुखेल, सुजेल, बास. मी प्लास्टिकचा डबा उपडा ठेवला, खालून लग्नपत्रिकेचा पुठ्ठा सरकवला आणि बाहेर कडुनिंबाखाली सोडला, नातू शेवटी स्वतः बघायला आला.

कोळ्यांना विष नसतंच असं मी म्हणत नाही. जवळजवळ सगळ्यांना असतं, जगात ५० हजारांच्या वर जाती नोंदल्यात, पण माणसाला खरंच त्रास देणाऱ्या त्यात मोजक्याच. आपल्याकडं सह्याद्रीतल्या झाडांच्या ढोलीत केसाळ टॅरँटुला असतात, त्यांच्या चाव्यानं स्नायूंना जबर गोळे येतात, ब्लॅक विडोच्या कुळातले कोळीही भारतात नोंदलेत. म्हणून चावल्यावर दुखणं वाढतच चाललं, घाम सुटला, पोटात नाहीतर पायात गोळे आले, जखम पसरायला लागली तर डॉक्टर, त्यात चालढकल नको.

फोडांचं तर भलतंच आहे. पावसाळ्यात रात्री ट्यूबलाइटभोवती मुंगीसारखा दिसणारा केशरी-काळा बारका किडा येतो, तो भुंगेऱ्यातला आहे, नैरोबी फ्लाय म्हणतात. तो चावत नाही, पण मानेवर बसला आणि आपण चिरडला की त्याच्यातल्या रसानं भाजल्यासारखा लांबट पट्टा उठतो आणि लोक म्हणतात कोळी फिरला. फुंकून नाहीतर कागदानं बाजूला करा, साबण-पाण्यानं धुवा. एकाच बाजूला पट्ट्यात फोड येऊन आग होत असेल तर ती नागीण असू शकते, त्याला पहिल्या ७२ तासांत औषध सुरू झालेलं बरं.

आणि ब्लेड. माझ्या मामेभावानं हेच केलं, साधा चावा होता, कशाचा तेही माहीत नाही, पोटरीला चीर दिली, वर चुना लावला, पंधरा दिवस पू. विष असं निघत नाही, जंतू तेवढे आत जातात. धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून शेकवा, पुरे.

मला खरा राग याचा आहे की आपल्या या कोरड्या भागात भ्यायचं असेल तर लाल विंचवाला भ्यावं, आणि त्याच्याबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही. मोठी काळी इंगळी बघून लोक ओरडतात, पण बारका लालसर विंचू जास्त वाईट. घाम, उलट्या, हातपाय गार, हे दिसलं की मांत्रिक नाही, थेट दवाखाना, पोरगं असेल तर एक मिनिट नको. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन नावाचं औषध वापरून कितीतरी जीव वाचवले, गोळी साधी आहे, पण वेळेत मिळाली पाहिजे.

घरात रॉकेल शिंपडू नका, आग लागेल. त्यापेक्षा दाराखालची फट रबराच्या पट्टीनं बंद करा, बाथरूमच्या झरोक्याला आणि मोरीला जाळी लावा, दाराबाहेर पिवळा बल्ब लावा, किडे कमी तर कोळी कमी. पाणी रोज येत नाही म्हणून आपण बॅरल भरून ठेवतो, त्याच्या मागं झाडू फिरवा. विटा, सरपण भिंतीला लावून रचू नका, उन्हाळ्यात कूलर माळ्यावरून काढताना हातमोजे घाला, गच्चीवर झोपायच्या आधी चादर झटका, आणि बूट रोज सकाळी आपटूनच पायात घाला, पोरांचे शाळेचे तर आधी.