आम्ही मधली भिंत पाडली नाही

गेले दोन महिने जो भेटला त्याने एकच सल्ला दिला. "मधली भिंत पाडा, संडास-बाथरूम एकत्र करून टाका. किती मोठं दिसेल!" कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, आतेदीर म्हणाले, टाइल्सच्या दुकानातल्या मुलाने तर मोबाइलवर चित्रच काढून दाखवलं. काचेचं पार्टिशन, वरून पावसासारखा शॉवर, कोपऱ्यात झाडाची कुंडी. कुंडी!

आमचं घर पार्ल्यात, १९६८ सालच्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे संडास वेगळा आणि न्हाणीघर वेगळं. एक तीन बाय चार फूट, दुसरं चार बाय पाच. राहणारी माणसं पाच. सोसायटी सकाळी दोन तास पाणी सोडते आणि त्याच दोन तासांत मुलीचं कॉलेज, मुलाची शाळा, नवऱ्याची ७.४२ची लोकल आणि सासूबाईंची पूजा. आता सांगा, एकाच दाराला एकच कडी लावून ही पाच माणसं आत कशी पाठवायची? दोन दारं ही त्या जुन्या आर्किटेक्टने आम्हाला दिलेली देणगी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. हॉटेलच्या खोलीत दोन माणसं दोन दिवस राहतात, तिथे एकत्र ठीक आहे.

एक मात्र कबूल करते. घरात कुणी व्हीलचेअरवर असेल, तर भिंत पाडणंच शहाणपणाचं. चाक वळायला जागा लागते. तेव्हाही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. सासूबाई ७८ वर्षांच्या, गुडघे गेलेले, पण चालत्या-फिरत्या आहेत.

काम काढलं तेही हौसेने नव्हे. खालच्या काकूंच्या छताला ओल आली होती. आधी फुलपात्राएवढा डाग, मग ताटाएवढा. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त चहाला बोलावून मला बरोबर डागाखाली बसवलं. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे संडास-बाथरूममुळे होणारी आतली गळती ज्याची त्याने स्वखर्चाने काढायची असते, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती.

फरशी फोडली तेव्हा आमच्या घराचं पोट पहिल्यांदा पाहिलं. वर पांढऱ्या टाइल्स, त्याखाली सासऱ्यांच्या वेळची शहाबादी, त्याखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा, आणि तो पिळून काढावा इतका ओला. बिडाच्या नहाणी ट्रॅपला, म्हणजे जाळीखालच्या पाणी वाहून नेणाऱ्या भांड्याला, तडा गेलेला. (नहाणी ट्रॅप हा शब्द मला फार आवडला. आपल्या न्हाणीचीच बहीण वाटते.) भिंतीतला लोखंडी जीआय पाइप कापला तर आत गंज साचून सुतळी जाईल एवढीच वाट उरलेली. आणि आम्ही दहा वर्षं प्रेशर नाही म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींना बोल लावत होतो. त्यांची इथे जाहीर माफी मागते.

आमचा प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाड्याचा. मुंबईतले कितीतरी प्लंबर त्याच जिल्ह्यातले. कमी बोलणारा, पण एक वाक्य त्याने मला पाठ करून ठेवायला दिलं: "भाभी, टाइल दिखता है, पानी नहीं दिखता." एकूण १,९०,००० रुपये गेले, त्यातला निम्म्याहून जास्त खर्च आता कुणालाच दिसत नाही. जुना कोबा काढला, पाइप सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिकचे टाकले, वॉटरप्रूफिंग भिंतीवरही फूटभर चढवलं. मग जाळी बंद करून पाणी भरून ठेवलं, पूर्ण ४८ तास. कॉन्ट्रॅक्टर एका रात्रीत आटपायच्या बेतात होता. मी म्हटलं, खालच्या काकू हो म्हणेपर्यंत एकही टाइल लागणार नाही. काकू दोन दिवस टॉर्च घेऊन छताकडे बघत होत्या. टाइल्स लागण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजायची टेप लावून पाइपांचे फोटो काढून ठेवले. हे एवढं तरी कराच. पुढे कुठेही ड्रिल मारताना देव आठवणार नाही.

टाइल्सवरून घरात महाभारत झालं. मुलीला काळ्या चकचकीत हव्या होत्या. ओला पाय त्यावर किती टिकतो ते दुकानातच बाटलीतलं पाणी ओतून, चपला काढून तिला दाखवलं. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेवटी जमिनीला एक बाय एक फुटाच्या खरखरीत, मॅट घेतल्या. लहान टाइलला उतारही नीट देता येतो. मोठी टाइल वाकत नाही, मग पाणी कोपऱ्यात रुसून बसतं.

सासूबाईंना कुणी काही विचारलंच नव्हतं. मीही नाही, खोटं कशाला बोलू. त्या डोंबिवलीला नणंदेकडे जायला निघाल्या आणि दारात म्हणाल्या, "नळ खाली ठेव गं. मला उभ्याने आंघोळ जमत नाही." तेवढ्या एका वाक्यावर सगळा नकाशा बदलला. शॉवर आहे, पण बादलीत बरोबर धार पडेल असा खालचा नळही आहे. त्या स्टुलावर बसल्या तरी माझ्यासारखीला पाठ चोळायला उभं राहता येतं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला पाट मांडायला जागा राहिली हे आणखी बरं झालं. दोन्हीकडे स्टीलच्या पकडदांड्या लावल्या, नुसत्या टाइलला नाही, मागच्या विटेत खोल बोल्ट मारून. चार इंचाचा उंबरा होता, तो पाणी अडेल एवढाच ठेवला. आणि दोन्ही दारं आता बाहेर उघडतात. आत कुणी दाराला टेकून पडलं तर आत उघडणारं दार ढकलणार कसं, हा विचार मला आधी कधी शिवला नव्हता.

गॅस गीझरचा आग्रह झाला, मी ऐकलं नाही. एवढ्याशा बंद खोलीत गॅस जळायला लागला की कार्बन मोनॉक्साइडचा धोका. त्याला ना वास, ना रंग. विजेचा १५ लिटरचा घेतला, आरसीसीबीसकट, म्हणजे करंट गळला तर वीज लगेच तोडणाऱ्या स्विचसकट.

डेब्रिजच्या गोण्या, दुपारी एक ते तीन ठोकाठोकी बंद, अकरा दिवस शेजाऱ्यांकडे टॉवेल घेऊन रांग, यावर लिहायचं तर वेगळी पोस्ट लागेल. एका कोपऱ्यात अजूनही वाटीभर पाणी थांबतं, ते रोज खराट्याने ढकलते आणि मनातल्या मनात कॉन्ट्रॅक्टरचा उद्धार करते.

परवा नणंद सासूबाईंना सोडायला आली. सगळं बघून म्हणाली, "छान झालंय वहिनी, पण भिंत पाडली असती ना, तर किती ऐसपैस वाटलं असतं." मी तोंड उघडणार तेवढ्यात तिचा धाकटा दोन्ही हातांनी चड्डी धरून धावत आला.

"मामी, आत कोण आहे?"

"आंघोळीला मामा गेलाय. शेजारचं रिकामं आहे, पळ."