रोमचा कॉन्सल रस्त्यात मुंडकी उडवत नव्हता

माझी भाची नववीत आहे. वक्तृत्व स्पर्धेत तिला ‘शिस्त’ हा विषय आला आणि घरच्या ग्रुपवर फिरणारा एक फॉरवर्ड तिने जसाच्या तसा भाषणात उतरवला. त्यातलं थोडक्यात असं: रोमचा कॉन्सल (प्राचीन रोमन प्रजासत्ताकात वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी) बाहेर पडला की पुढे बारा कुऱ्हाडवाले चालत, गुन्हेगार सापडला की जागीच मुंडकं, ना चौकशी ना अपील, डिक्टेटर तहहयात असे, जांभळा झगा दिसला की सगळे हात पुढे ताणून सॅल्यूट ठोकत. शेवटी ‘आपल्याकडेही असंच हवं!’ पोरगी हे पाठ म्हणून दाखवायला लागली आणि मला ऐकवेना.

बारा माणसं होती, खरं आहे. त्यांना लिक्टर म्हणत. डाव्या खांद्यावर लाल पट्ट्यांनी आवळलेली छड्यांची मोळी, म्हणजे फॅसिस. त्या मोळीत कुऱ्हाड असे, पण शहराबाहेर! रोमच्या हद्दीत आलं की कुऱ्हाड काढायची, नुसत्या छड्या ठेवायच्या. कारण शहरात कॉन्सलने सुनावलेल्या देहदंडाविरुद्ध नागरिकाला थेट जनतेकडे दाद मागता येई. लिव्ही या रोमन इतिहासकाराच्या इतिहासाचं दुसरं पुस्तक काढून बघा. रोमने पहिला डिक्टेटर, म्हणजे संकटकाळापुरता सगळे अधिकार दिलेला अधिकारी, नेमला, त्याच्यापुढे कुऱ्हाडी निघालेल्या दिसल्या आणि लोकांची गाळण उडाली, कारण त्याच्याविरुद्ध अपील नव्हतं. कॉन्सलपुढे रोजच कुऱ्हाडी चालत असत्या तर त्या दिवशी घाबरण्यासारखं काय होतं?

लिव्ही त्या काळानंतर सुमारे पाचशे वर्षांनी लिहितो, त्यात दंतकथा असणार, हे मान्य. मग सिसेरो या रोमन वक्त्याचं घ्या, त्यात दंतकथा नाही. इ.स.पू. ६३ मध्ये कॉन्सल असताना त्याने सत्ता उलथवण्याच्या कटातल्या पाच जणांना खटला न चालवता मारलं. सिनेट, म्हणजे रोमच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांची सभा, पाठीशी होती, तरी पाच वर्षांनी याच कारणावरून त्याला रोम सोडून परागंदा व्हावं लागलं आणि त्याचं घर पाडलं गेलं. चौकशीशिवाय मारणाऱ्या कॉन्सलचं रोममध्ये हे झालं.

भाचीला मी एका नाण्याचा फोटो दाखवला. इ.स.पू. ११० च्या आसपासचा चांदीचा दिनार, पोर्सियस लीका नावाच्या अधिकाऱ्याने पाडलेला. एका बाजूला लष्करी वेशातला अधिकारी, मागे छड्या घेतलेला सेवक, समोर टोगा (अंगाभोवती गुंडाळायचं रोमन वस्त्र) नेसलेला साधा नागरिक. खाली एकच शब्द: प्रोव्होको. म्हणजे ‘मी दाद मागतो’. हा हक्क त्यांनी नाण्यावर कोरून हातोहाती फिरवला, आणि आपण म्हणतोय की अपीलच नव्हतं!

आता फॉरवर्डमधलं खरं तेवढं. मोहिमेवर सैन्याची शिस्त मोडणाऱ्याला सेनापती देहदंड देऊ शके. गुलामांना तर हा हक्क नव्हताच. पण तो रोमचा काळा भाग आहे, तो आपण आदर्श म्हणून का उचलायचा?

बाकीचं पटकन सांगतो. डिक्टेटरची मुदत जास्तीत जास्त सहा महिने. सिनसिनॅटस नावाचा डिक्टेटर सोळाव्या दिवशी पद सोडून मोकळा झाला, असं लिव्हीच सांगतो. तहहयात डिक्टेटर झाला तो सीझर, इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला. १५ मार्चला त्याचा खून झाला. तो हात ताणलेला सॅल्यूट एकाही रोमन लेखकाने वर्णन केलेला नाही. तो लोकांच्या डोक्यात बसला तो दाविद या फ्रेंच चित्रकाराच्या १७८४ च्या चित्रामुळे आणि पुढे सिनेमांमुळे.

आणि कॉन्सल पूर्ण जांभळ्या झग्यात फिरत नसे. पांढरा टोगा, त्याला जांभळा काठ, बसायला हस्तिदंती घडीची खुर्ची. सामान्य लोकांनी निवडलेल्या ट्रिब्यूनला यातलं काहीच नसे: ना काठ, ना ती खुर्ची, ना लिक्टर. तो साध्या बाकावर बसे, आणि त्याने मनाई केली की कॉन्सलचा हुकूम तिथेच अडे. भाषणाची सुरुवात त्या बाकापासून कर, असं मी भाचीला सांगितलंय.