सतरा हजाराचं तिकीट सतरा हजाराला मिळतच नाही

डोकं फिरलंय माझं आणि आज मी लिहिणारच आहे. व्हिएतनामहून येऊन तीन आठवडे झाले, काल रात्री बसून शेवटी बँकेचे मेसेज, कार्डाचं स्टेटमेंट, पर्समधल्या चुरगळलेल्या पावत्या सगळं पलंगावर पसरलं आणि हिशोब लावला, तर ठरवले होते ५५ हजार आणि गेलेत ७८. २३ हजार वर! माझ्या फ्लॅटचं दोन महिन्यांचं भाडं आहे ते.

आणि मी काही उधळपट्टी करणारी बाई नाहीये. १२ दिवसांत एकदाही एसी रेस्टॉरंटमध्ये बसले नाही, आठ बेडच्या डॉर्ममध्ये राहिले, हनोई ते हुए रात्रीच्या स्लीपर बसने गेले म्हणजे एका रात्रीचं भाडं वाचतं, कपडे बेसिनमध्ये धुतले. जेवणाचे ११ हजार धरले होते, त्याच्या आतच झालं. राहण्याचे सव्वाआठ धरले होते, एक रात्र सोडली तर तेवढेच लागले. म्हणजे जे जे माझ्या हातात होतं तिथे मी एक रुपया इकडचा तिकडे होऊ दिला नाही, आणि हे जे २३ हजार गेलेत ना, ते सगळे अशा ठिकाणी गेलेत जिथे किंमत आधी एक दाखवतात आणि घेताना दुसरीच घेतात, नाहीतर आधी कुणी सांगतच नाही. राग त्याचा आहे.

सुरुवात त्या रीलपासून. '४० हजारात व्हिएतनाम, विमानासकट!' एक दादा हातात बान मी म्हणजे तिकडचं सँडविच घेऊन उभा, मागे होई आनचे कंदील, आणि खाली पटापट आकडे येतायत, तिकीट इतकं, हॉस्टेल इतकं, खाणं इतकं. त्यात पुणे ते मुंबई एअरपोर्ट कुठे आहे? नाहीच. व्हिसा? नाही. इन्शुरन्स? नाही. एटीएमचे चार्जेस? कशाला सांगेल. अरे तू काय सहारच्या टर्मिनलमध्येच राहतोस का? माझं हडपसरवरून निघून एअरपोर्ट गाठायला ३१०० गेले आणि येताना २९००, कारण परतीचं विमान रात्री साडेअकराला उतरतं, बॅग हातात येईपर्यंत साडेबारा, आणि त्या वेळी मी एकट्या मुलीने दादरला जाऊन बस शोधायची का? म्हणून कॅब. सहा हजार झाले हे, आणि तिकडे हनोई ते हुए साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे, त्याचे मी चौदाशे रुपये दिले. म्हणजे पुण्याच्या माणसाचा परदेश प्रवास लोणावळ्याच्या अलीकडेच महाग होतो आणि हे एकही रीलवाला सांगत नाही.

आता तिकीट. १७,४९९ जाऊन येऊन, रात्री अकरा वाजता बघितलेलं, स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे. पण मी शहाणपणा केला की आधी व्हिसा येऊ दे, मग तिकीट काढू, उगाच पैसे अडकायला नकोत. हा सल्ला सगळेच देतात आणि चुकीचा पण नाहीये. फक्त व्हिसात काय झालं ते ऐका.

व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलरला मिळतो, एकदाच प्रवेश असेल तर. पहिली गोष्ट, गुगलवर शोधलं की वरच्या चार-पाच साइट्स हुबेहूब सरकारी दिसतात आणि ६०-७० डॉलर मागतात, खरी साइट फक्त ती जिच्या पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट व्हीएन आहे. ते मला माहीत होतं, तिथे नाही फसले. फसले नावात. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर आडनावाची ओळ वेगळी आणि दुसऱ्या ओळीत माझं नाव आणि बाबांचं नाव सलग छापलेलं. फॉर्म भरताना मी 'गिव्हन नेम'च्या रकान्यात फक्त माझं नाव लिहिलं, कारण माणूस स्वतःचं नाव विचारल्यावर स्वतःचं नावच लिहितो ना! व्हिसा आला, त्यात बाबा गायब. चार जणांना विचारलं, दोघं म्हणाले काही होत नाही, दोघं म्हणाले काउंटरवर अडवतात, बोर्डिंगच देत नाहीत. मग काय करणार, रिस्क घेणार? परत भरला, परत २५ डॉलर, कार्डाचे चार्जेस धरून २२०० रुपये परत. पहिले पैसे मिळत नाहीत, तसं आधीच लिहिलेलं असतं. मराठी माणसांनो, पासपोर्टवर तुमच्या नावाच्या ओळीत वडिलांचं नाव आहे तर ते व्हिसावर आणि तिकिटावर दोन्हीकडे गेलंच पाहिजे, ही एक ओळ कुणीतरी मला आधी सांगितली असती तर माझे किती पैसे वाचले असते.

कारण नुसते २२०० गेले नाहीत. दुसरा व्हिसा येईपर्यंत आठ दिवस गेले आणि त्या आठ दिवसांत १७,४९९ चं झालं २२,८००. बरं तेही ठीक, विमानाचे भाव वर-खाली होतात, मान्य. पण २२,८०० वर क्लिक केलं की पुढच्या पानावर सीट, नको म्हटलं, मग बॅग, मग जेवण, मग इन्शुरन्स आधीच टिक केलेला, तो काढला, मग 'तुम्हाला नक्की नको का?' असं भीती घातल्यासारखं परत विचारणार. येताना सामान वाढणार म्हणून एका बाजूची बॅग घेतली, २१०० रुपये. आणि शेवटच्या पानावर कन्व्हीनियन्स फी! कुणाची सोय? फॉर्म मी भरला, पासपोर्ट नंबर मी टाईप केला, ओटीपी मी टाकला, सीट निवडली नाही म्हणजे तुम्हाला कुठलीही देता आली, यात माझी काय सोय झाली ते तरी सांगा. सगळं मिळून २५,९००. आणि हे पहिल्या पानावर लिहायला काय जातं? मला २६ हजार परवडत नसते तर मी गेले नसते, निदान आधी कळलं तरी असतं.

पण सगळ्यात जास्त संताप झाला तो दा नांगच्या एअरपोर्टवर. दा नांग ते सायगाव, म्हणजे हो ची मिन्ह सिटी, ट्रेनने जायला १७-१८ तास लागतात, माझ्याकडे दिवस नव्हते म्हणून डोमेस्टिक विमान घेतलं, ७ किलो केबिन बॅग. माझी सॅक हॉस्टेलच्या वजनकाट्यावर ६.४ भरली होती, दोनदा बघितलं. काउंटरवर काही बोलले नाहीत, बोर्डिंग पास दिला, सिक्युरिटी झाली. आणि गेटवर, रांग लागलेली असताना, एक मुलगी वजनकाटा घेऊन उभी. सॅक ठेवली, ठीक. मग तिने माझ्या खांद्यावरच्या छोट्या पर्सकडे बोट दाखवलं, तीही ठेवायला लावली. पर्समध्ये पाण्याची बाटली, पॉवर बँक, पासपोर्ट. काटा ८.१. मी बाटली तिथल्या तिथे रिकामी केली, जॅकेट अंगात घातलं, पॉवर बँक जॅकेटच्या खिशात टाकली, परत ठेवली, ७.३. तीनशे ग्रॅम! ती मान हलवते, मागे लोक बघतायत, मी इंग्रजीत बोलतेय ती फक्त लॅमिनेट केलेला रेटचा कागद दाखवतेय. ६ लाख ३० हजार डाँग, म्हणजे २१०० रुपये. ते तिकीटच मला २६०० ला पडलं होतं. आणि काउंटरवर हेच वजन केलं असतं तर कमी पैशांत झालं असतं, पण तिथे करत नाहीत, गेटवर करतात, कारण गेटवर माणूस मागे फिरू शकत नाही. मुद्दाम आहे हे. माझ्यापुढे एक म्हातारे व्हिएतनामी आजोबा होते, त्यांच्या पिशवीत नातवंडांसाठी काहीतरी बांधून घेतलेलं, त्यांनाही भरायला लावलं. त्यांनी कनवटीच्या पाकिटातून नोटा मोजून काढल्या तेव्हा मला इतकं वाईट वाटलं की स्वतःचे २१०० विसरले दोन मिनिटं.

आता पैसे बदलण्याचं. इथे सगळे म्हणतात फॉरेक्स कार्ड घ्या, म्हणजे परदेशी पैसे आधीच भरून ठेवायचं कार्ड, सेफ असतं, स्वस्त पडतं. मी घेतलं. पण कार्डावर डाँग भरताच येत नाही, डॉलर भरायचे. म्हणजे रुपयाचे डॉलर करताना बँकेचा रेट आणि त्यावर जीएसटी, आणि मग तिकडे डॉलरचे डाँग करताना क्रॉस करन्सी म्हणून साडेतीन टक्के आणि त्यावरही जीएसटी. एटीएममधून एका वेळी २० लाख डाँग निघायचे, ऐकायला मोठं वाटतं, पण एका रुपयाला साधारण ३०० डाँग म्हणजे ते पावणेसात हजारसुद्धा होत नाहीत. आता धरा. क्रॉस करन्सीचे जीएसटी धरून पावणेतीनशे, दर वेळी पैसे काढायचे माझ्या बँकेचे २ डॉलर, तिथल्या एटीएमचे ५० हजार डाँग. सहाशेच्या वर गेले! स्वतःचे पावणेसात हजार हातात घ्यायला सहाशे! शंभरातले नऊ रुपये नुसते वाटेत. असं चार वेळा काढलं, अडीच हजार.

आणि एक नागपूरची मुलगी डॉर्ममध्ये भेटली, ती आपलं साधं डेबिट कार्ड वापरत होती, तिच्याबरोबर मी एटीएमला गेले तर स्क्रीनवर आलं की एवढे रुपये कापले जातील, मान्य का. हिरवं बटण मोठं, नको म्हणायचं बटण खाली बारीक. तिने हिरवं दाबलं, कुणीही तेच दाबणार, रुपयात आकडा दिसला की बरं वाटतं. पण तो रेट एटीएमवाल्याचा असतो, मनाला येईल तो लावलेला. नको दाबलं तरी पैसे निघतातच, फक्त रूपांतर कार्ड कंपनीच्या रेटने होतं, आणि तो बहुतेक वेळा बराच बरा असतो. हे त्या स्क्रीनवर कुठेही लिहिलेलं नाही. उलट असं वाटावं की नको म्हटलं तर व्यवहारच रद्द होईल. मी तिला दुसऱ्या वेळी दाखवलं, तिने बाहेर येऊन पायरीवरच बसून हिशोब केला आणि गप्प झाली.

याच्या उलट ऐका. हुएमध्ये एका गल्लीत कॉम चाय म्हणजे शाकाहारी भाताचं दुकान, एक काकू चालवतात, थाळी ३५ हजार डाँग, सव्वाशे रुपयेपण नाहीत. मी दोन नोटा दिल्या आणि निघाले, त्या हाका मारत चौकापर्यंत मागे धावत आल्या. वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखाचीही निळीच, मी गडबडीत वीसच्या जागी पाच लाख देऊन आले होते, सोळाशे-सतराशे रुपये. त्यांनी ती नोट माझ्या हातात कोंबली, वीसची मागून घेतली आणि पाठीवर थाप मारली. माझी भाषा त्यांना येत नाही, त्यांची मला येत नाही, दुकान उघडं टाकून आलेली बाई. आणि इकडे शिकलेसवरलेले लोक एसीत बसून बटणाचा रंग ठरवतायत.

अजून एक राहिलंच. आरटीओत १००० रुपये भरून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढलं होतं, हुए आणि दा नांगच्या मधला हाय वान घाट स्कूटरवर करायचा म्हणून. भाड्याने गाडी देणाऱ्या मुलाने ती पुस्तिका उघडली, त्यावर छापलेल्या १९४९ वर बोट ठेवलं आणि मान हलवली. आपलं परमिट रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारावर मिळतं आणि व्हिएतनाम १९६८ चा करार मानतं. गाडी तर तो द्यायला तयारच होता, पण पोलिसांनी पकडलं तर मी जाणे, आणि पडले तर इन्शुरन्स हात वर करणार कारण लायसन्सच वैध नाही. मग ट्रेनने गेले, समुद्राच्या कडेने जाते, सुंदर आहे, ते सोडा. पण आरटीओत मी फॉर्मवर देशाचं नाव लिहून दिलं होतं! खिडकीतल्या माणसाने वाचलं, शिक्का मारला, पैसे घेतले. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

आणि ती राहिलेली एक रात्र. सकाळी सहाला हनोईत उतरलं की चेक-इन दुपारी दोनला, रात्रभर डोळा लागलेला नाही, रस्त्यावर फिरत बसणार का, म्हणून साडेसातशे भरून बेड घेतला. स्वस्त विमान म्हणजे असल्या वेळेचं विमान, त्याची किंमत पुढच्या दिवशी द्यावी लागते.

माझा मामेभाऊ जानेवारीत निघालाय, पहिल्यांदाच परदेशी, एक वर्षाची नोकरी झालीय आणि सगळी बचत त्यात घालतोय. त्याने आज सकाळी मला तीच रील पाठवली, 'ताई ४० हजारात होतं बघ'. मी लगेच फोन केला. म्हटलं रील बंद कर, पासपोर्ट आण, आणि त्यावर बाबांचं नाव कुठल्या ओळीत आहे ते मला आधी वाचून दाखव.