दोन चमचे खोबरेल आणि साक्षीला आजी

गेले काही महिने आमच्या कुडाळ-मालवण भागातल्या ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. मथळा असा: ‘कोकणातल्या आजीला हार्ट अटॅक का येत नव्हता?’ उत्तर त्यातच दिलंय: खोबरेल. रोज सकाळी उपाशीपोटी घाण्याचं खोबरेल दोन मोठे चमचे घ्या. पोट उतरेल, साखर उतरेल, रक्तवाहिन्या साफ होतील. बाकीची तेलं विष आहेत, ओतून द्या. मी तो पहिल्यांदा वाचला शेजारच्या काकींच्या फोनवर. माझी रक्त तपासणीची लहानशी लॅब आहे. रक्त द्यायला आलेल्या काकींनी हाताच्या आधी फोन पुढे केला. “रे, ह्यां वाच आधी. तीन महिने घेतंय मी.”

काकींचा रिपोर्ट काय आला ते इथे सांगत नाही. एक तर तो त्यांचा आहे. आणि एका माणसाच्या रिपोर्टवरून सिद्धांत मांडायचा तर तो मजकूर लिहिणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? तेव्हा मजकुराचंच बोट धरून चालू.

पहिली साक्ष आजीची. आजी रोज नारळ खायची, हे खरं. पण किती आणि कसा? आमच्या घरी सात माणसांच्या आमटीला एका कवडीचं, म्हणजे अर्ध्या नारळाचं, वाटप असायचं. कवडीत दीडशे ग्रॅम ओलं खोबरं धरलं तर त्यात स्निग्धांश पन्नासेक ग्रॅम. माणशी सात ग्रॅम. सोबत चोथा, म्हणजे तंतू, वेगळे. शेजारी उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, पेडव्यांचं तिखलं, आणि दिवसभर चढ-उतार. चांगले नारळ बाजारात जायचे. घरात राहायचा तो तडकलेला नाहीतर कोंब आलेला. खोबरेल होतं ते डोक्याला आणि देवाच्या दिव्याला. आता मजकुरातले दोन मोठे चमचे मोजा: सुमारे २७ ग्रॅम तेल, तंतू शून्य. हा डोस आजीने आयुष्यात घेतला नाही. तिला त्याची साक्षीदार करणं म्हणजे तिच्या नावावर खोटी सही मारणं आहे.

आणि ‘अटॅक येत नव्हता’ हे ठरवलं कोणी? स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. ती सरासरी बालमृत्यूंनी खाली ओढलेली होती, हे मान्य. पण जो साठी गाठायचा तो ‘छातीत कळ आली नि गेला’ असाही जायचा. वाडीत ईसीजी काढणारं कोण होतं?

मजकुरात प्रशांत महासागरातल्या बेटांचाही दाखला आहे, आणि तो बनावट नाही. टोकेलाऊ आणि पुकापुका या बेटांवरचा अभ्यास १९८१ साली छापून आला. टोकेलाऊचे लोक ६३ टक्के ऊर्जा नारळातून घेत, पुकापुकाचे ३४ टक्के, आणि दोन्हीकडे हृदयविकार कमी आढळला. मजकुराने गाळलेली ओळ अशी की जास्त नारळ खाणाऱ्या टोकेलाऊवाल्यांचं रक्तातलं कोलेस्टेरॉल पुकापुकापेक्षा बरंच जास्त होतं. ते लोक नारळाचा गर खात, मासे खात, साखर फारशी खात नसत. चहात तेल ओतून पीत नव्हते.

आता जो दावा सर्वांत शास्त्रीय वाटतो तो. ‘खोबरेलात मध्यम साखळीची मेदाम्लं असतात, ती थेट यकृतात जाऊन जळतात, चरबी होतच नाहीत.’ यात अर्धं सत्य आहे, आणि तेच जास्त फसवतं. मेदाम्ल म्हणजे कार्बनची साखळी. आठ आणि दहा कार्बनची साखळी आतड्यातून सरळ यकृताच्या शिरेत जाते आणि लवकर जळते, हे खरं. ‘एमसीटी’ नावाने जे तेल मिळतं, ज्यावर वजनाचे वगैरे प्रयोग झाले, ते बहुतेक याच दोघांचं असतं. पण शंभर ग्रॅम खोबरेलात ही दोन्ही मिळून असतात साधारण बारा ते पंधरा ग्रॅम. निम्म्याच्या आसपास असतं ते बारा कार्बनचं लॉरिक आम्ल. रसायनशास्त्राच्या वर्गवारीत ते मध्यम साखळीत बसतं, पण शरीरात त्याचा मोठा भाग लांब साखळीसारखाच वागतो: लसिकेच्या (लिम्फच्या) वाटेने, मेदाच्या कणांत बसून रक्तात उतरतो. हजेरीपटावर नाव एका वर्गात आणि पोर बसतंय दुसऱ्याच वर्गात, तसं. एमसीटीचे निष्कर्ष खोबरेलाच्या बाटलीवर चिकटवणं म्हणूनच चूक. आणि जळतं ते फुकट जळत नाही. एक ग्रॅम तेल म्हणजे नऊ कॅलरी. जेवण तेवढंच ठेवून वर दोन चमचे घेतले तर अडीचशेच्या घरात कॅलरी वाढल्या. पोट कशाने उतरणार?

पुढचा दावा वाचून मला हसूच आलं: ‘खोबरेल २४ अंशांना वितळतं, शरीर ३७ अंशांवर असतं, म्हणून ते रक्तवाहिनीत गोठूच शकत नाही.’ उलट बाजूचे लोकही असलंच काहीतरी सांगतात. थंडीत बाटलीत गोठलेलं खोबरेल दाखवून म्हणतात, बघा, तुमच्या शिरांत असंच होतं. दोघंही शिरांना गटाराचा पाइप समजतात.

तेल रक्तात तेल म्हणून फिरत नाही. जेवून आलेल्या माणसाचं रक्त यंत्रात फिरवून सीरम, म्हणजे पेशी काढून उरलेला पातळ भाग, वेगळं केलं की ते कधी कधी ताकासारखं पांढुरकं दिसतं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की वर सायीसारखा थर येतो. ती जेवणातली चरबी, प्रथिनाच्या वेष्टनातले कण झालेली. काही तासांत शरीर ती रक्तातून काढून घेतं. आणि ज्याचं फक्त एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल, वाढलेलं असतं, त्याचं सीरम कसं दिसतं? स्वच्छ. गोमूत्रासारखं पिवळं, आरपार. एलडीएलचे कण इतके बारीक की ते प्रकाश अडवत नाहीत. नळी बघून धोका कळत नाही, म्हणून तर यंत्र लागतं.

खोबरेलाचा परिणाम गोठण्याशी नाही, यकृताशी निगडित आहे. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत घेणारे ग्राही असतात. ते शोधल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. बारा, चौदा आणि सोळा कार्बनची संतृप्त (सॅच्युरेटेड) मेदाम्लं आहारात जास्त झाली की या ग्राहींचं काम मंदावतं आणि एलडीएल रक्तातच रेंगाळतं. खोबरेलात ही तिन्ही भरपूर.

वितळण्याच्या हिशेबाला खोटं पाडणारी वस्तू तर आपल्याच परसात आहे: भिरंडेल. काही जण मुठेल म्हणतात. रातांब्याच्या बियांचं तेल, टाचांच्या भेगांना लावतात ते. ते खोबरेलापेक्षा कितीतरी घट्ट, वितळायला अंगाच्या उष्णतेपेक्षा थोडी जास्तच ऊब लागते. पण त्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल, अठरा कार्बनचं, आणि उरलेलं मुख्यतः ओलेइक, हे असंतृप्त मेदाम्ल. स्टिअरिक संतृप्त असूनही एलडीएल वाढवत नाही. शरीर त्याचा काही भाग ओलेइकमध्ये बदलतं. म्हणजे जास्त घट्ट असलेलं भिरंडेल या बाबतीत निरुपद्रवी, आणि पातळ होणारं खोबरेल नाही. (म्हणून उद्या कोणी भिरंडेलाचा मजकूर सुरू करू नये, एवढीच विनंती.)

‘खोबरेलाने चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं.’ वाढतं, नाकारत नाही. २०२० साली १६ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सूर्यफूल, सोयाबीन यांसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एचडीएल (हेच ते चांगलं कोलेस्टेरॉल) दर डेसिलिटरला सुमारे ४ मिलिग्रॅमने वाढलं आणि एलडीएल सुमारे १० मिलिग्रॅमने. मजकुरात पहिला आकडा आहे, दुसरा नाही. शिवाय औषधाने एचडीएल वाढवून पाहिलं तर अटॅक टळत नाहीत, असा अनुभव आहे. टॉरसेट्रापिब नावाच्या औषधाने एचडीएल भरपूर वाढवलं, पण ते घेणाऱ्यांत मृत्यू वाढले म्हणून २००६ साली चाचणी थांबवावी लागली.

‘अमेरिकेनेच २०१५ साली कोलेस्टेरॉलची मर्यादा काढून टाकली.’ काढली ती खाण्यातल्या कोलेस्टेरॉलची, अंड्यासारख्या पदार्थांतल्या. नारळ झाड आहे, त्यात कोलेस्टेरॉल नसतंच, मग हा मुद्दा खोबरेलाला लागतो कुठे? त्याच मार्गदर्शक सूचनांत संतृप्त मेद एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा हे कायम होतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली तेच सांगितलं. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला १० टक्के म्हणजे २२ ग्रॅम. मजकुरातले दोन चमचे पोटात गेले की दिवसाचा कोटा न्याहारीच्या आधीच संपला.

मग बाकीची तेलं विष? इथे रिफाइंड आणि वनस्पती तूप यांची सरमिसळ झाली आहे. वनस्पती तुपात हायड्रोजन घालून तेल घट्ट करताना ट्रान्स मेद तयार व्हायचे, ते खरंच वाईट. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे त्यांना २ टक्क्यांची मर्यादा आहे. रिफाइंड करणं ही वेगळी प्रक्रिया. शेंगदाणा तेलात निम्म्याच्या आसपास ओलेइक आणि पाव ते एक तृतीयांश लिनोलेइक असतं. लिनोलेइक हे मेदाम्ल शरीराला लागतं, पण बनवता येत नाही. १९२९ साली बर आडनावाच्या संशोधक दांपत्याने उंदरांचा सगळा मेद बंद केला तेव्हा त्यांच्या शेपट्यांना खवले धरले, वाढ खुंटली. आवश्यक मेदाम्लांची गोष्ट तिथून सुरू झाली. खोबरेलात लिनोलेइक असतं दोनेक टक्के. मजकुराची एक गोष्ट मात्र बरोबर: तापवल्यावर खोबरेल इतर तेलांइतकं लवकर खराब होत नाही. गाडीवरची दिवसभर काळी होत गेलेली कढई कुठल्याच तेलाची बरी नाही.

शेवटचा दावा, ‘खोबरेलात ओमेगा-३ भरपूर’, हा सरळ खोटा. जवळजवळ नसतंच. ते हवं तर बांगडा, तारली, पेडवे खा. माशालाही ते मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळांकडून मिळतं, आपल्याला माशाकडून. पाहुण्यांसमोर पापलेट वाढून घरचे तारल्या खातात, ते या बाबतीत फायद्यातच राहतात. न खाणाऱ्यांना जवसाची चटणी आहे. तिच्यातल्या ओमेगा-३ चा थोडाच भाग माशातल्यासारखा बनतो, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

काकींना यातलं निम्मंच सांगितलं. त्यांनी विचारलं, सोलकढी बंद करायची काय? म्हटलं, वाटीभर घेता ना, खुशाल घ्या. आमटीचं वाटपही राहू दे. चमचा तेवढा थांबवा आणि दोन महिन्यांनी परत या, एलडीएल बदलायला तेवढा वेळ पुरतो. “आणि पाच लिटर तेल आणलंय घाण्यावरून, त्येचा काय करू?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकींच्या डोक्याला एवढं तेल पाच वर्षं पुरेल.